अकरा चाळीसची दुरुस्ती

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. शिरूरला एका वकिलांच्या ऑफिसात मी अठरा वर्षं प्रतिज्ञापत्रं टाइप करते. ‘वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा व बरोबर आहे’ हे वाक्य इतक्या वेळा टाइप केलंय, की आता ते दिसलं की वरचा मजकूर खोटा असणार असंच वाटतं. दूधवाला एखाद्या सकाळी जास्त गोड बोलला, तर मी आधी पातेल्यात बोट बुडवून बघते. नवरा म्हणतो, तुला देव भेटला तरी तू त्याच्याकडं आधार कार्ड मागशील. मागेन. देव असेल तर दाखवेल.

अशा बाईनं रहस्यकादंबरी लिहिली नसती तरच नवल. चार वर्षं लिहीत होते, सकाळी ऑफिसला जायच्या आधी, कणीक मळून झाकून ठेवली की तासभर. गोष्ट एका औद्योगिक वसाहतीतली. एक कामगार टाकी साफ करायला आत उतरतो आणि गुदमरून मरतो. सगळे म्हणतात अपघात. पण त्या दिवशीच्या शिफ्ट इन्चार्जनं नायट्रोजनच्या पाइपाचा व्हॉल, म्हणजे चावी, गुपचूप थोडा उघडा ठेवलेला असतो. हा इन्चार्ज मी फार मन लावून लिहिला होता. शांत, सभ्य, आवाज कधी चढवत नाही, रुमालाची चौकोनी घडी घालून खिशात ठेवतो. शेवटी तो कुणाच्याच हाती लागत नाही. कँटीनमध्ये बसून चहा पितो आणि कादंबरी संपते.

पुण्याच्या प्रकाशनातल्या संपादक बाईंना तो भलताच आवडला. त्या फोनवर म्हणाल्या, “ह्याला मारू नका हं. ह्याच्यावर तीन भाग निघतील. पहिल्याची दुरुस्ती झाली की पुढच्या दोन भागांचा आराखडा पाठवा.” एवढं कौतुक का करताहेत, काहीतरी कापायला लावणार असतील, असं मला लगेच वाटलं. पण आराखडे केले. दुसऱ्या भागात इन्चार्ज निवृत्त होऊन साखर कारखान्यावर सल्लागार म्हणून जातो, गळीत हंगाम चालू असतो आणि तिथं आणखी एक मरण घडतं. तिसऱ्या भागासाठी मी एकच ओळ लिहिली : ‘त्याच्या मुलीला संशय येतो.’ ती लिहिली आणि वही मिटली ती आठ दिवस उघडली नाही.

कारण ती रुमालाची घडी माझ्या वडिलांची होती.

आप्पा कुरकुंभच्या एका केमिकल कारखान्यात होते, शेवटची बरीच वर्षं शिफ्ट इन्चार्ज. मी नववीत असताना त्यांच्या शिफ्टला ठेकेदाराचा एक माणूस टाकीत उतरला तो मेलेलाच बाहेर आला. चौकशी झाली. निकाल असा लागला : इन्चार्जनं साडेदहाला टाकीत उतरायचं परमिट रीतसर लिहिलं होतं. तासभर आत हवा सोडायची, मग तपासायचं आणि मगच उतरायचं, असं त्यावर स्पष्ट होतं. मयत कामगार थांबला नाही. अकरा वाजता आपल्या मनानं उतरला. चूक त्याची. आप्पा सुटले. घरात आईनं देवापुढं नारळ फोडला, आणि मला आठवतं, आप्पांनी तो प्रसाद हातात घेतला पण खाल्ला नाही. मी बघत होते. मी तेव्हाही बघतच असायचे.

मग सुरू झालं कारेगाव. दरवर्षी थंडी पडली, उसाच्या तोडी सुरू झाल्या की एक दिवस आप्पा सकाळीच आंघोळ करून दौंडच्या स्टँडवर जायचे. “कारेगावला काम हाय,” एवढंच. हातात पिशवी नाही, कागद नाही. संध्याकाळी परत. रांजणगावच्या कंपन्यांशेजारी कामगारांच्या खोल्यांनी भरलेल्या त्या गावात आमचं ना कुणी नातेवाईक ना कुणी ओळखीचं. आईला पक्की खात्री होती की तिथं बाई आहे. ती त्यांचा शर्ट धुवायला टाकायच्या आधी हुंगायची. मीसुद्धा कॉलेजात असताना एकदा खिसे तपासले. एसटीचं जाण्याचं तिकीट, येण्याचं तिकीट आणि घडी न मोडलेला रुमाल. आई सहा वर्षांपूर्वी गेली. तिनं त्यांना शेवटपर्यंत विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

म्हणजे लहानपणापासून मला संशय होता की त्या टाकीत काहीतरी झालंय आणि ते आप्पांना माहीत आहे. काय झालंय ते कळत नव्हतं, म्हणून मी व्हॉल रचला. चार वर्षं एका खुन्याला माझ्या बापाचा रुमाल देऊन बसले होते, आणि तो खरंच तसा आहे का, हे विचारायची माझी छाती नव्हती.

संपादक बाईंचं पुढचं म्हणणं होतं, कारखान्याचे तपशील जाणकाराकडून तपासून घ्या. मला आयतंच निमित्त मिळालं. सरळ सांगायचं तर मी सापळा लावला. सगळ्या पानांची प्रिंट काढली आणि रविवारी दौंडला गेले. आप्पा आता तिथल्या दोन खोल्यांत एकटेच राहतात. गठ्ठा त्यांच्या पुढ्यात ठेवला आणि त्यांच्या तोंडाकडं बघत राहिले.

“कारखान्याची गोष्ट हाय, आप्पा. टाकीतल्या अपघाताची. चुका असतील तेवढ्या काढा.”

त्यांनी गठ्ठा उचलून हातावर तोलला. “मला गोष्टीतलं काय कळतंय?”

“गोष्टीचं नका बघू. टेक्निकल तेवढं बघा.”

“बरं,” म्हणाले आणि चष्मा शोधायला उठले. चेहऱ्यावर रेघ हलली नाही. माझा इन्चार्जसुद्धा नेमका असाच होता.

आठ दिवसांनी फोन आला. “झालं तपासून. घिऊन जा.” गेले तर गठ्ठा जुन्या पुठ्ठ्याच्या फाइलीत नाडीनं बांधून तयार. चहा दिला, गावाकडच्या चार गोष्टी केल्या, पुस्तकाचं नाव काढलं नाही. मीही काढलं नाही. शिरूरच्या एसटीत खिडकीची जागा मिळाली तेव्हा नाडी सोडली.

कारखान्याच्या लॉगबुकात चूक दुरुस्त करायची एक पद्धत असते, ती मी लहानपणापासून ऐकत आले होते. खोडरबर नाही, पांढरी शाई नाही, गिरवायचं नाही. चुकीच्या शब्दावर एकच आडवी रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे अशी. वर बरोबर शब्द, शेजारी छोटी सही, तारीख आणि वेळ. आप्पांनी माझी कादंबरी तशीच तपासली होती. निळ्या पेननं, प्रत्येक दुरुस्तीला सही आणि वेळ. मी ‘नायट्रोजनचा कडवट वास’ लिहिलं होतं. त्यावर रेघ आणि वर : ‘वास नसतो. म्हणूनच माणूस मरतो.’ भोंगा मी तीनदा वाजवला होता, त्यांनी तो एकदाच लांब वाजवला. आणि माझा तो लाडका व्हॉल? समासात लिहिलं होतं : ‘असे करता येत नाही. लाइनीवर दोन व्हॉल असतात. दुसऱ्या माणसाला दिसेल.’ चार वर्षांचा खून एका ओळीत निकालात काढला होता. मला असा राग आला की शेजारच्या बाई सरकून बसल्या.

रुमालाचं पान मात्र कोरं होतं. खाडाखोड नाही, काही नाही. मी ते खिडकीच्या उजेडात धरून बघितलं, काही लिहून पुसलंय का. पुसलेलं नव्हतं. एवढ्या बारकाईनं वाचणारा माणूस इथं थांबलाच नाही, ह्यावर माझा विश्वास बसेना.

मग एसटी न्हावरा गावाच्या पुढं गेल्यावर ते पान आलं. माझं वाक्य होतं : ‘साडेदहा वाजता त्याने परमिटवर सही केली.’ त्यातल्या ‘साडेदहा’वर एक आडवी रेघ होती. वर लिहिलं होतं, ११.४०. शेजारी सही, तारीख, वेळ.

खालचं वाक्य ‘अकरा वाजता कामगार टाकीत उतरला’ हे होतं. ते तसंच ठेवलं होतं.

साडेदहा ही वेळ काही मी कल्पनेनं रचलेली नव्हती. चौकशीच्या निकालातून उचलली होती. आमच्या घरात ती सगळ्यांना पाठ होती, तिच्याच आधारावर आप्पा सुटले होते. आणि आता त्यांच्याच हातानं तिथं अकरा चाळीस झालं होतं. माणूस अकराला उतरला आणि परमिट अकरा चाळीसला लिहिलं, तर ते लिहिताना माणूस मेलेला होता. मी अठरा वर्षं कागद टाइप करतेय. करारावरची तारीख स्टॅम्पपेपरच्या आधीची निघाली की त्याचा अर्थ काय होतो, ते मला कुणी शिकवायला नको.

माझ्या मनात पहिला विचार काय आला, तेही सांगते, लाज वाटत असली तरी. पहिला विचार आला की काय कलाटणी आहे ही! दुसरा भाग इथूनच सुरू करायचा. हा विचार दोन मिनिटं टिकला. मग ते पान फाइलीत सगळ्यात खाली घातलं, नाडी बांधली आणि शिरूर येईपर्यंत सोडली नाही.

मग नेहमीप्रमाणे संशय. हे त्यांच्या हातून चुकून झालं, की मुद्दाम? मी सापळा लावला होता तो त्यांनी ओळखला आणि उलट मलाच अडकवलं? संपादक बाईंचा फोन आला, “भाग दोनचं कुठवर आलं?” मी म्हटलं, खलनायक तपासून घेतेय.

शनिवारी नवऱ्याची गाडी घेतली आणि सकाळीच दौंड गाठलं. आप्पा उंबऱ्यात बसून मेथी निवडत होते. मी ते पान त्यांच्या मांडीवर ठेवलं.

“हे काय हाय?”

त्यांनी हात धोतराला पुसले, चष्मा लावला, बराच वेळ बघितलं. “बरोबर हाय की.”

“आप्पा, गोष्टीत साडेदहा हाय. मी लिहिलंय. तुम्ही का बदललं?”

त्यांनी त्या आकड्यावर बोट ठेवलं. ते बोट तिथंच राहिलं. “म्या लिवलं व्हय हे,” ते हळूच म्हणाले. “चुकीची वेळ दिसली आन् हात गेला.”

ते नाटक करताहेत का, हे मी तेव्हाही निरखत होते. मला वाटत नाही करत होते. पण माझ्या वाटण्याला मीच फारशी किंमत देत नाही.

मग ते बोलले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा, आणि मेथीची जुडी हातात धरून. “टँकर यायचा व्हता. टाकी मोकळी पायजे व्हती. मीच म्हणलं त्याला, उतर, कागद मागनं करू. रोज तसंच करायचो आमी. कागद मागनंच व्हायचा. त्यानं इचारलं, साहेब, हवा सोडली का? मी म्हणलं, व्हय, उतर. मला वाटलं सोडली आसंल.” जुडीतली एक काडी मोडली. “त्याला गाडीत घालून न्हेलं आन् मी टेबलाशी बसलो. घड्याळात अकरा चाळीस. परमिट लिवलं आन् वेळ टाकली साडेदहा.”

“वरच्या साहेबांनी सांगितलं?”

“कुणी न्हाई. माझं मीच.” मग पानांच्या गठ्ठ्याकडं बघून म्हणाले, “तुझा मानूस लई हुशार हाय. व्हॉल काय फिरवतो, रुमालाची घडी काय घालतो. मी हुशार नव्हतो गं. घाई व्हती.”

म्हणजे रुमाल त्यांना दिसला होता.

मला सुटल्यासारखं वाटलं आणि त्याच क्षणी भयंकर राग आला. माझा बाप खुनी नव्हता. पण मी लिहिलेल्या खुन्यानं केलं नव्हतं ते ह्यांनी केलं होतं. मेलेल्या माणसाला त्याच्याच मरणाचा गुन्हेगार करून ठेवलं होतं.

“आन् कारेगाव?”

“त्याची बायकू तिथं ऱ्हाती. भावाकडं गेली ती तिथंच ऱ्हायली. कामगारांची मेस चालवती. समोर हाटेल हाय. तिथं बसतो, च्या पितो, दार बघतो आन् येतो. येकदा दारापतुर गेलो. कुत्रं भुकलं, तसाच माघारी आलो.”

“आईला का नाही सांगितलं? ती मरेपर्यंत...”

“तिला बाई वाटत व्हती,” आप्पा म्हणाले. “तेच बरं वाटलं मला.”

मी त्यांच्या हातातली मेथीची जुडी काढून घेतली आणि खाली ठेवली.

त्यांनी खिशातलं पेन काढलं, गठ्ठ्याचं शेवटचं पान वर घेतलं आणि माझ्या कादंबरीच्या शेवटच्या ओळीखाली दोन रकाने आखले. डावीकडं ‘चार्ज दिला’, तारीख, वेळ. त्याखाली सही केली, ह्या वेळी छोटी नव्हे, पूर्ण नावाची. उजवीकडं लिहिलं ‘चार्ज घेतला’ आणि पेन माझ्यापुढं धरलं. “खरी येळ टाक पुस्तकात. आता तू लिव. हितं सही कर.”

ही रीतही मला माहीत होती. शिफ्ट बदलताना दोघांच्या सह्या झाल्या की जाणारा माणूस मोकळा, घरी जातो. पुढं जे होईल ते येणाऱ्याचं. त्यांचा चेहरा इतका हलका झाला होता की मला माया आली. सही करावी आणि त्यांना झोपू द्यावं, असं अगदी मनापासून वाटलं. आणि मला पुस्तकही मिळणार होतं, एक सोडून तीन.

पेन मी घेतलं नाही. “माझी शिफ्ट नव्हती, आप्पा,” मी म्हटलं. “उठा. चपला घाला.”

वाटेला लागलो. पाटसला उसाच्या ट्रॅक्टरांमागं अडकलो, चौफुल्याला वळलो, न्हावरा मागं पडलं. मी मधूनमधून त्यांच्याकडं बघत होते, गाडी हळू झाली की दार उघडून उतरतील की काय म्हणून. कारेगावात शिरल्यावर मात्र वाट त्यांनीच दाखवली, हितनं आत, त्या खोल्यांच्या कडंनं. एका हॉटेलासमोर म्हणाले, “थांब हितं. च्या घिऊ.”

“चहा नंतर.”

समोरचं दार उघडंच होतं. आत पन्नाशी ओलांडलेली बाई गॅसवर चपात्या करत होती, शेजारी डब्यांची रांग. पिठाच्या हातानंच तिनं विचारलं, “कोण पायजे? मेसचं आसंल तर पोरगा आल्यावर या.”

आप्पा दारातच उभे राहिले. लॉगबुक वाचून दाखवावं तसं बोलले, थांबले नाहीत. “मी त्या दिवशीचा शिफ्ट इन्चार्ज. साडेदहाचा कागद खोटा हाय. तो म्या अकरा चाळीसला लिवला. उतर म्हणून मीच सांगितलं व्हतं. त्यांनी इचारलं व्हतं मला.”

तिनं तव्यावरची चपाती उलटली, भाजली, काढली. मग गॅस बंद केला.

“तुमाला वळखते मी,” ती म्हणाली. “दरसाली समोर च्या पिता. मला वाटायचं, कंपनीनं पाळतीवर ठिवलाय मानूस. भ्यायचे मी. पोराला त्या दिवशी भाईर जाऊ द्यायची न्हाई.”

आप्पांनी मान खाली घातली.

“सांगितल्याबिगर उतरायचे न्हाईत ते. मी तवाच म्हणलं व्हतं समद्यांना. कुणी ऐकलं न्हाई.” तिचा आवाज तोपर्यंत बरा होता, आता फुटला. “पोरगा मोठा झाला तो हेच ऐकत. बापानं घाई केली म्हनतो. बापाचं नाव काढलं की उठून जातो.”

तिनं डोळे दंडाला पुसले आणि कोपऱ्यातल्या दोन प्लास्टिकच्या खुर्च्या ओढून भिंतीशी मांडल्या. “फर्स्ट शिफ्टला गेलाय. तीनला सुटतो. तवर बसा. त्याला सांगा. मला सांगून भागत न्हाई.”

भिंतीवरच्या घड्याळात साडेबारा झाले होते. तिनं गॅस पुन्हा पेटवला, डबे थांबणार नव्हते. आप्पा खुर्चीत बसले, रुमाल काढला, घडी मोडली आणि तोंड पुसलं. मग माझ्याकडं वळून म्हणाले, “तू जा घरी. गाडी लागंल जावयांना. मी यीन यष्टीनं.”

मी दुसरी खुर्ची ओढली आणि त्यांच्या आणि दाराच्या मध्ये बसले. ते जे म्हणत होते ते खरंही असेल. पण समोरच्या हॉटेलात चहा उकळत होता, आणि मी उठले असते तर हेही उठले असते, असा मला अजून संशय होता.